रिपोर्ट यायच्या आधी मी कोण होते?

(२५ डिसेंबर, भारतीय स्त्रीमुक्ती दिनानिमित्त हैदराबादमधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून इथे देत आहे.)



१९२७ साली आजच्याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. दरवर्षी आपण त्या ग्रंथात बायकांबद्दल काय लिहिलंय ते वाचतो, चिडतो आणि जेवायला जातो. यंदा बोलशील का असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी कुरिअरने येणाऱ्या एका पाकिटाबद्दल बोलेन. ते पाकीट माझ्या ताईच्या घरी आलं होतं. तिला विचारूनच सांगतेय. नाव, गाव सांगणार नाही.

माझे भाऊजी दोन्ही घरांतले पहिले पदवीधर. बारावीनंतर फॉर्म कसा भरायचा, स्कॉलरशिपसाठी कुठले कागद लागतात, हे मला त्यांनीच शिकवलं. मी आज पीएचडी करतेय त्यात त्यांचा वाटा आहे आणि तो मी नाकारणार नाही. ताईला एक मुलगा, चार वर्षांचा. रंगाने गोरा. आमच्याकडे किंवा त्यांच्याकडे कुणी तेवढं गोरं नाही. बारशापासून चेष्टा सुरू झाली, "हा गेलाय तरी कुणावर?" एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "बामणाचं पोर वाटतंय." सगळे हसले. भाऊजीही हसले.

दोन महिन्यांनी त्यांनी ऑनलाइन किट मागवलं. "दात बघू दे" म्हणून पोराला तोंड उघडायला लावलं, गालाच्या आतून काडी फिरवली, स्वतःच्याही गालातून फिरवली आणि पाकीट पाठवून दिलं. ताईला पत्ता नाही. त्याच आठवड्यात कशावरून तरी भांडण झालं, तेव्हा ते बोलून गेले, "उद्या काही निघालं तर माझं नाव काढून घेईन. मग जातीचा दाखला कुठून काढतेस बघतो." ताईला तेव्हा काही कळलं नाही. माळ्यावर रिकामा खोका सापडला तेव्हा कळलं.

रिपोर्ट जुळला होता. भाऊजी म्हणाले, "फिटली ना शंका? मग विषय संपला." ताई माहेरी आली. आमचे अण्णा म्हणाले, "आता तर सिद्ध झालंय, मग कशाला ताणतेस?" तेव्हा ताई म्हणाली, "रिपोर्ट यायच्या आधी मी कोण होते?" अण्णांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी समाजशास्त्र शिकतेय, म्हणून ते शोधायला बसले.

आधी ही तपासणी काय आहे ते बघू. मुलाच्या डीएनएतला अर्धा भाग आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. लॅब डीएनएवरच्या ठरावीक वीसेक जागा तपासते. प्रत्येक जागी मुलात एक खूण आईची आणि एक वडिलांची असावी लागते. अनेक जागी जुळत नसेल तर तो माणूस जैविक पिता नाही. सगळीकडे जुळलं तर ९९.९९ टक्के वगैरे आकडा छापून येतो. विज्ञान पक्कं आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण काडी कुणी, कुणाच्या गालातून फिरवली, याची लॅबला काहीच खात्री नसते. म्हणून घरगुती किटच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की हा फक्त मनाच्या समाधानासाठी आहे, न्यायालयीन कामासाठी नाही. जाहिरातीतला शब्द आहे 'पीस ऑफ माइंड'. कुणाच्या मनाचं समाधान, हे विचारायचं नसतं. काही ठिकाणी तर टूथब्रश, केस, नखं चालतील असंही सांगतात. म्हणजे समोरच्याला कळण्याचीसुद्धा गरज नाही.

ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने संमतीशिवाय कुणाचा डीएनए तपासणं गुन्हा ठरवलं. जर्मनीत संमती लागते. फ्रान्समध्ये न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय पितृत्वाची तपासणी करताच येत नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये डीएनए तंत्रज्ञानाबद्दल विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

व्हॉट्सअॅपवर एक आकडा फिरतो, दहातली तीन मुलं दुसऱ्याचीच असतात. तुम्ही संशोधन पद्धती शिकलाय, तर विचारा, नमुना कुठून घेतला? लॅबमध्ये तेच लोक जातात ज्यांच्या डोक्यात आधीच संशय आहे. त्यांच्यावरून सगळ्या समाजाचा आकडा काढणं म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावातले किती आजारी ते मोजणं.

आता कायदा. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११६ झालं. वैध लग्न चालू असताना, किंवा लग्न मोडल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना, मूल जन्मलं तर ते त्या नवऱ्याचं औरस मूल, हा निर्णायक पुरावा. मोडायचा एकच मार्ग, गर्भ राहिला त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येण्याची शक्यताच नव्हती हे दाखवणं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणी मागितली म्हणून रक्ततपासणीचा आदेश देता येणार नाही. २००१ मध्ये म्हटलं की डीएनए रिपोर्टसुद्धा या कलमाला ओलांडायला पुरेसा नाही. २०१४ मध्ये मात्र महाराष्ट्रातल्या एका पोटगीच्या प्रकरणात दोनदा तपासणी होऊन दोन्ही वेळा 'पिता नाही' आलं, तेव्हा न्यायालय म्हणालं, सिद्ध झालेलं विज्ञान आणि कायद्याचं गृहीतक यांत विज्ञान वरचढ. मुलीची पोटगी बंद झाली.

२०२३ मधलं पुण्याचं प्रकरण आजच्या विषयाला सगळ्यात जवळचं. नवऱ्याने खासगी लॅबमधून आधीच तपासणी करून घेतली होती आणि घटस्फोटाच्या दाव्यात मुलाची अधिकृत चाचणी मागितली. कुटुंब न्यायालयाने दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. बायकोच्या वागण्याबद्दल आरोप असेल तर तो दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करा. मूल या भांडणात पक्षकार नाही, त्याच्या शरीराचा पुरावा करू नका, असा त्याचा आशय. जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या एका प्रकरणात तोच कल कायम राहिला.

हे ऐकून बरं वाटतं, मलाही वाटलं. पण मनुस्मृतीचा नववा अध्याय काढा. तिथे वाद आहे बीज आणि क्षेत्राचा. मूल बी पेरणाऱ्याचं की शेतमालकाचं? तिथलं उत्तर असं की करार नसेल तर पीक शेतमालकाचं. आता बघा. डीएनए किट बीजाच्या बाजूने बोलतं. कलम ११६ लग्नाच्या, म्हणजे शेतमालकाच्या बाजूने. दोन्हीकडे आई शेतच. हे कलम इंग्रजांनी आणलं, मनूने नाही, आणि ते आज मुलांना वाचवतं, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण ते स्त्रीमुक्ती नाही, एवढं लक्षात असू द्या.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीचा प्राण म्हणजे जातीच्या आत लग्न, आणि ती चौकट टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, असं त्यांनी मांडलं. म्हणजे बाईच्या शरीरावर पहारा हा जातीचा पाया आहे. उमा चक्रवर्तींनी याला ब्राह्मणी पितृसत्ता म्हटलं. आता सांगा, "बामणाचं पोर वाटतंय" या वाक्यावर आपण का हसलो? गोरा रंग म्हणजे वरची जात, आणि आपल्या बाईच्या पोटी ते आलं म्हणजे तिचंच काहीतरी चुकलं. हे गणित आपण कधी शिकलो? आपण ग्रंथ जाळला, गणित तसंच ठेवलं.

भाऊजींची धमकी मात्र गणिताची नव्हती, कागदाची होती. माझं संशोधन जातप्रमाणपत्रांवरच आहे, तहसीलच्या टेबलांसमोर मी खूप दिवस काढलेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो वडिलांकडचा. बाप, आजा, चुलता. आई त्याच जातीची असली, तिच्या घरात व्हॅलिडिटी असली, तरी टेबलावरचा माणूस म्हणतो, वडिलांकडचं आणा. सवर्ण घरात बापाने नाव काढलं तर अब्रू आणि इस्टेट जाते. आपल्या घरात त्यासोबत दाखला जातो, स्कॉलरशिप जाते, वसतिगृहातली जागा जाते. म्हणून हे किट आपल्या घरात जास्त महाग पडतं.

याला एक फट आहे. २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात वडिलांचीच हे गृहीतक अंतिम नाही. आईने वाढवलं, आईच्या समाजात वाढलं, तिथली अवहेलना सोसली, हे मुलाला दाखवता येतं. जात रक्तात नसते, वाट्याला आलेल्या जगण्यात असते, हे आपण सांगत आलोय. या निकालाने त्याला कायद्यात थोडी जागा दिली.

मग डीएनए तपासणी वाईटच का? नाही. भारतात पितृत्वासाठी डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो केरळमध्ये, थलश्शेरीच्या न्यायालयात, १९८९ च्या सुमारास. एका बाईने मुलासाठी पोटगी मागितली होती, पुरुष मूल नाकारत होता. आपल्या याच हैदराबादेतल्या सीसीएमबीच्या लालजी सिंगांनी तपासणी केली आणि बाईचं म्हणणं खरं ठरलं. आणि देवदासींची मुलं घ्या. गावातल्या प्रतिष्ठितांची मुलं, पण शाळेच्या रजिस्टरात बापाचा रकाना कोरा. कर्नाटक विधिमंडळाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या देवदासीविषयक विधेयकात या मुलांवर बापाचं नाव लिहायची सक्ती नको, आणि हवं असेल तर बाप कोण हे ठरवून मागायचा हक्क हवा, अशा दोन्ही गोष्टी आहेत. काडी तीच, पण फिरवा म्हणणारा कोण आहे ते बघा. मूल किंवा आई म्हणत असेल तर तो हक्क. चोरून फिरवली तर तो पहारा.

इथे बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. घरी नोटीस आली, भांडण झालं की फोन आपल्याला येतो. म्हणून कामाच्या पाच गोष्टी सांगते. घरगुती किटच्या रिपोर्टने कुणाचंही नाव जन्मदाखल्यावरून निघत नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुलाचा नमुना द्यायला आई बांधील नाही. न्यायालयात चाचणीचा अर्ज आला तर गप्प बसू नका, वकिलामार्फत लेखी विरोध नोंदवा. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. आणि पोटगी औरस-अनौरस दोन्ही मुलांना मिळते. अनौरस हा शब्द मात्र आपण आपल्या तोंडातून काढून टाकू या. मूल हे मूल असतं.

सहावी गोष्ट कायद्याची नाही. किट मागवणारा माणूस अडाणी नव्हता. तो शिकलेला होता, त्याच्याकडे पगार होता, कार्ड होतं, इंग्रजी रिपोर्ट वाचता येत होता. शिक्षणाने त्याला संशय तपासायचं साधन दिलं, संशय कुठून आला हे तपासायचं मात्र सुचवलं नाही. ते काम विद्यापीठ करणार नाही. आपल्याला एकमेकांत करावं लागेल, मुलांनी मुलांशी बोलून. बहिणींनी पुरावे देऊन नाही.

ताई अजून आमच्याकडेच आहे. तिने परत जायला एकच अट घातलीय. ज्या घरात सगळे हसले, त्याच घरात सगळ्यांसमोर भाऊजींनी सांगावं की मी पोराच्या तोंडात काडी घातली आणि ते चूक होतं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मध्यंतरी मला फोन केला होता, "तू तरी समजाव तिला," म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, फॉर्म भरायला तुम्ही शिकवलंत, आता एक वाक्य बोलायला मी शिकवते.

तोवर आम्ही दोघी भाच्याचे कागद जमवतोय. वडिलांकडचे आणि आईकडचेही. दोन्ही एकाच फाईलमध्ये लावलेत.

जय सावित्री, जयभीम.