कासच्या तळ्याकाठी

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेकडे पंचवीसेक किलोमीटर गेले, की कासचे पठार लागते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हे पठार आहे. भाद्रपदात तिथे फुलांची जत्रा भरते, आणि माणसांचीही! पण आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते पठाराच्या थोडे पुढे, दाट झाडीत लपलेल्या तळ्याविषयी.

या तळ्याचे पाणी पंपावाचून, केवळ उताराने साताऱ्यापर्यंत येते. घरात नळ सोडणाऱ्याला त्या झाडीची आठवण होत नाही, एवढेच. आपण मात्र पहाटे जावे, आणि पायी जावे. धुके पाण्यावरून सावकाश उठत असते, आणि आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला मोठा वाटू लागतो.

एकदा मी असाच चालत होतो. पठारावर एक निळेजांभळे फूल दिसले, ते जवळून पाहावे म्हणून वाट सोडून चार पावले आत गेलो. मागून गुरे घेऊन येणारे एक म्हातारेबाबा म्हणाले, "मास्तर, फूल बघताय खरं, पण पायाखाली काय हाय ते बघा की!" खाली पाहिले, तर तसलीच दहा-वीस फुले माझ्या वहाणेखाली चिरडली होती. चार बुके शिकलेला मी, पण उत्तर सुचेना.

ती होती सीतेची आसवे. इथे जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम वीतभर, कुठे बोटभरच. त्या मातीत नत्र कमी. म्हणून ही इवली वनस्पती ओल्या मातीतल्या आपल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते आणि पोट भरते. शेजारचा दवबिंदू चिकट थेंबांवर किडे धरतो. वायतुरा तर साताऱ्याचेच नाव घेऊन शास्त्रीय ग्रंथांत गेला आहे. इतक्या काटकसरीने चाललेला हा संसार. आपल्या एका पावलाने मोडतो.

तेव्हा कासला जरूर जा. हंगामात आधी नोंदणी करावी लागते, ती करा. कुरकुर करू नका. शक्यतो रविवार टाळा. मळलेली वाट सोडू नका. आणि तळ्याकाठी बसलात, तर घटकाभर काहीच बोलू नका. परतताना बरोबर काय आणाल? माझे विचाराल, तर मी त्या दिवसापासून खाली बघून चालायची सवय आणली आहे. ती अजून सुटलेली नाही.