एका लॅपटॉपवर चार दुकानं



आज कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, पोरांचा खेळ तो, आमचा काय संबंध? पण ज्या लॅपटॉपवर पोरगा गेम खेळतो, त्याच लॅपटॉपवर पुष्कळ घरांत बचत गटाचा हिशोब असतो. सभासदांच्या आधार कार्डाच्या प्रती असतात, पासबुकाचे फोटो असतात. संबंध आहे तो इथे.

आमच्या घरी हेच चाललं होतं. लॅपटॉप मुलाच्या कॉलेजसाठी घेतला. दिवसभर तो त्याचा, रात्री जेवणं आटोपली की माझा. गटाची सचिव मी. एकदा बैठकीच्या आदल्या रात्री हिशोबाला बसले, तर लॅपटॉप सुरूच होईना लवकर. सुरू झाला तेव्हा खाली घड्याळाशेजारी बारीक बारीक चित्रं दिसली.

"हे काय रे?"

"आई, ती गेमची दुकानं आहेत."

"एक पुरत नाही?"

नाही पुरत. ते त्यानंच समजावलं. स्टीम नावाचं दुकान 2003 पासूनचं, एपिकचं 2018 च्या डिसेंबरात उघडलं, शिवाय आणखी काही आहेत. एखादा गेम एकाच दुकानात मिळतो. एखादं दुकान अधूनमधून गेम फुकट देतं. म्हणून पोरं सगळीकडे खातं उघडतात आणि प्रत्येक दुकानाचा प्रोग्राम लॅपटॉपवर बसवतात.

आता आपला आठवडी बाजार आठवा. आपण दुकानात जातो, वस्तू घेतो, घरी येतो. दुकानदार बाजारातच राहतो. हे दुकान मात्र आपल्या घरात येऊन बसतं. लॅपटॉप सुरू केला की पुष्कळदा तेही आपोआप सुरू होतं. त्याची एक वही असते. तुमचं नाव, ईमेल, कुठला गेम घेतला, किती तास खेळलात, मित्र कोण, पैसे कशानं दिले, हे सगळं त्या वहीत जातं. दुकानं चार, तर वह्याही चार.

2019 साली एक गोष्ट उघड झाली. एपिकचा प्रोग्राम, शेजारी स्टीम बसवलेलं असेल तर, त्या स्टीमच्या फाइलची एक प्रत काढून ठेवत होता. त्यात मित्रांची यादी असते. कंपनीचं म्हणणं असं, की खेळणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय आम्ही ती माहिती पाठवत नाही. पण प्रत मात्र विचारण्याआधीच निघत होती. कंपनीचे प्रमुख टिम स्विनी यांनी ते मान्य केलं आणि दुरुस्ती करू म्हणाले.

यात गटाची वही कुणी वाचली असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट त्यातून कळली. एकाच खात्यात बसलेला प्रोग्राम शेजारच्या फाइलला न विचारता हात लावू शकतो. माझी हिशोबाची फाइल त्याच खात्यात होती, आणि मध्ये कुलूप नव्हतं.

दुकान मोठं आहे म्हणून वही सुरक्षित, असंही नाही. 2011 साली सोनीच्या प्लेस्टेशनच्या जाळ्यात चोर शिरले, तेव्हा सुमारे 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. 2022 च्या डिसेंबरात एपिक कंपनीनं अमेरिकेच्या सरकारी आयोगाशी तडजोड केली आणि 52 कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. आईवडिलांच्या परवानगीवाचून मुलांची माहिती गोळा केल्याचा आरोप होता. फसव्या बटणांमुळे नको असलेली खरेदी होते, असाही होता.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या सर्वांना मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो. पण पोरानं खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलं, तर दुकान त्याला मोठा माणूसच समजणार. म्हणून खरं साल टाकायला सांगा.

मग काय करायचं? गेम बंद करून टाकायचे? मी तसं केलं नाही. पोरगं मग दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळतं. आम्ही दोघं शेजारी बसलो आणि पाच कामं केली.

पहिलं, लॅपटॉपवर दोन वेगळी खाती केली, एक त्याचं, एक माझं. दोघांचे पासवर्ड वेगळे. त्याच्या खात्याला सगळे अधिकार दिले नाहीत.

दुसरं, सभासदांचे कागद लॅपटॉपवरून काढून पेनड्राइव्हवर ठेवले. पेनड्राइव्ह गटाच्या पेटीत, कुलपात. कारण काही गेम लबाडी पकडायला एक पहारेकरी प्रोग्राम बसवतात आणि त्याला अख्ख्या लॅपटॉपवर अधिकार असतो. त्याच्यापुढे वेगळ्या खात्याची भिंत पुरत नाही.

तिसरं, दुकानं आपोआप सुरू होणं बंद केलं. खेळायचं तेव्हाच उघडायचं. चारांतली दोन तो वापरतच नव्हता. ती नुसती पुसली नाहीत, त्यांच्याकडचं खातंही बंद करायला लावलं. प्रोग्राम पुसला तरी दुकानाकडची वही तशीच राहते.

चौथं, प्रत्येक दुकानाला वेगळा पासवर्ड, आणि खातं उघडताना मोबाइलवर कोड येईल अशी सोय.

पाचवं, कार्डाचा नंबर कुठंही साठवायचा नाही. बँकेतून पैसे गेलेच, तर वाट न पाहता 1930 नंबरला फोन करायचा.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सभासदांना सांगितलं. सांगताना जीभ जड झाली. इतके दिवस त्यांचे कागद गेमच्या दुकानांशेजारी पडून होते, हे कबूल करायचं होतं. एक आजी म्हणाल्या, "बाई, आम्ही आधार तुझ्या हातात दिलं होतं." रागानं नव्हत्या म्हणाल्या, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या येत्या बैठकीत एवढं विचारा. आपले कागद कुणाच्या लॅपटॉपवर आहेत, कुणाच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि त्यावर आणखी कोण कोण बसतं? उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा.