काच आणि कागद

मला जलरंगाचं चित्र माउंटशिवायच आवडतं. कागदाची कड दिसते. पण मंडळी, कागद काचेला टेकू देऊ नका. आपल्या बीडमध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते आणि काचेच्या आत ओल धरते. जलरंगात बाभूळवर्गातल्या झाडाचा डिंक असतो. ओलाव्यानं तो सैल होतो, काचेला चिकटतो. मग काच काढताना रंगही तिच्याबरोबर निघतो. बुरशी धरते ती वेगळीच!

उपाय स्वस्त आहे. काच आणि कागदामध्ये, फ्रेमच्या कडेखाली लपेल अशी ३-४ मिलिमीटर जाडीची पट्टी चारी बाजूंनी बसवून घ्या. फ्रेमवाला 'कशाला?' म्हणेल, म्हणू द्या. मागून सेलोटेप मात्र नको. तिचे पिवळे डाग कागदात उतरतात. आणि ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका.