मनाची जखम, शरीराची साक्ष



एखाद्या भीषण संकटातून सुटलेला मनुष्य पुढे कित्येक वर्षे रात्री दचकून उठतो, जरा मोठा आवाज झाला की थरथरू लागतो. अशा वेळी ‘त्याने धसका घेतला’, ‘तिने हाय खाल्ली’ असे म्हणून आपण मोकळे होतो; आणि त्या बोलण्यात कणवेबरोबर कमीपणाचीही थोडी छटा असते. दुसरे लोकही त्याच प्रसंगातून गेले, ते सावरले. मग यालाच काय झाले? हा प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन त्याचे उत्तर शोधणाऱ्या एका विदुषीच्या कार्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

या प्रश्नापायी माणसांचे प्राण गेले आहेत. पहिल्या महायुद्धात आघाडीवरील सैनिकांची वाचा जाऊ लागली, हातपाय कापू लागले. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१५ साली या विकाराविषयी लिहिले आणि ‘शेल शॉक’ हे नाव वैद्यकात रूढ झाले. परंतु नाव मिळाले म्हणून न्याय मिळाला असे नाही. हॅरी फार नावाचा शिपाई या विकारासाठी अनेक महिने रुग्णालयात होता. पुढे आघाडीवर जाणे त्याला अशक्य झाले, तेव्हा भित्रेपणाच्या आरोपावरून ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्यासह ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने माफी दिली, ती २००६ साली. दरम्यान व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली या व्याधीला अधिकृत विकार म्हणून मान्यता दिली. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणता येईल.

डॉ. रेचेल येहुदा या मानसशास्त्रज्ञ याच सुमारास संशोधनाकडे वळल्या. येल विद्यापीठात काम करीत असताना जॉन मेसन यांच्या गटाला व्हिएतनामच्या सैनिकांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. ताण आला की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव अधिक सोडतात, हे सर्वमान्य होते. तेव्हा सदैव तणावात असलेल्या या रुग्णांत तो भरपूर असावयास हवा. प्रत्यक्षात तो कमी निघाला. येहुदांनी आपले बालपण ज्या क्लीव्हलँडमध्ये गेले, तेथे नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू वृद्धांची तपासणी केली. आघात निराळा, वय निराळे, आणि मध्ये जवळजवळ अर्धे शतक लोटलेले. तरीही ज्यांना हा विकार होता त्यांच्यात तोच प्रकार आढळला.

याचा अर्थ समजण्यास घरातलेच उदाहरण घेऊ. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले की गृहिणी त्यावर पाण्याचा हबका मारते, आणि फेस खाली बसतो. संकटकाळी ॲड्रिनलीन हा दुसरा स्राव शरीरात आगीचे काम करतो: छाती धडधडते, इंद्रिये तल्लख होतात, घडलेला प्रसंग स्मृतीत खोल ठसतो. संकट टळल्यावर ही उसळी शांत करण्याचे एक मोठे काम कॉर्टिसॉलचे असते. हा हबका अपुरा पडला, तर संकट गेले तरी उकळी राहते आणि स्मृती जरुरीपेक्षा खोल रुजते, अशी येहुदांची उपपत्ती आहे. कृत्रिम कॉर्टिसॉलची अगदी अल्प मात्रा देऊन त्यांनी आणखी पारख केली. या रुग्णांची शरीरयंत्रणा त्या स्रावाला अतिशय संवेदनशील झालेली असते. थोडा मिळताच ती पुढचा पुरवठा थांबवते.

सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्या परिसरात गर्भवती स्त्रियाही होत्या. त्यांपैकी ३८ जणींची आणि त्यांच्या बालकांची लाळ पुढे तपासली गेली. विकार जडलेल्या मातांत कॉर्टिसॉल कमी होतेच. त्यांच्या वर्षभराच्या मुलांतही ते कमी आढळले. गर्भधारणेच्या अखेरच्या तीन महिन्यांत ज्यांच्यावर आघात झाला, त्यांच्या बालकांत हे विशेष स्पष्ट होते.

मग आघाताचा वारसा वंशाला जातो काय? येथे सावध राहिले पाहिजे. छळछावण्यांतून वाचलेले ३२ लोक आणि त्यांची २२ प्रौढ अपत्ये यांचा येहुदांचा अभ्यास २०१६ साली छापून आला. ताणाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा दोन्ही पिढ्यांत इतरांहून वेगळ्या आढळल्या. परंतु मातापित्यांत त्या अधिक, तर अपत्यांत कमी होत्या. म्हणजे ही खूण जशीच्या तशी खाली उतरली, असे म्हणता येत नाही. शिवाय संख्या लहान आहे, आणि दुःखी घरात वाढण्याचा परिणाम निराळा काढून दाखवणे कठीण आहे. कॉर्टिसॉल कमी असल्याचे सर्वच अभ्यासांत आढळले आहे असेही नाही. केवळ रक्त तपासून हा विकार ठरवता येत नाही.

तरीही या शोधांचे मोल कमी होत नाही. येहुदांच्याच गटाने २०१३ साली १६ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना औषध नव्हे, तर मानसोपचार दिले होते: भयंकर स्मृतीला जाणत्या माणसाच्या सोबतीने, पुन्हापुन्हा, सुरक्षितपणे सामोरे जावयाचे. ज्यांना गुण आला, त्यांच्यात त्याच जनुकाच्या खुणा बदललेल्या दिसल्या. अभ्यास लहान आहे. पण आघाताने शरीरात जे बदलते, ते कायमचे असतेच असे नाही, इतकी आशा त्यातून धरता येते.

सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्यातून वाचलेली माणसे आजही मराठवाड्यात आहेत. त्यांच्यापैकी कोणी रात्री दचकून उठत असेल, किंवा आपल्याच घरात अपघातातून, मारहाणीतून, दंगलीतून वाचलेले कोणी गप्प झाले असेल, तर ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ हे वाक्य आपण ओठांवर येऊ देऊ नये. त्या मनुष्याने ते मनाला लावून घेतलेले नसते. त्याच्या शरीराने ते धरून ठेवलेले असते. मधुमेह झालेल्याला आपण भित्रा म्हणत नाही, वैद्याकडे नेतो. यालाही तज्ज्ञाकडे न्यावे, आणि तोवर त्याच्या जवळ बसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.