वर्षभराची उमेदवारी : फळबाग आणि भाजीपाला शिकण्याची वाट
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात पावसाची फारशी वाण नाही. वर्षाला साधारण 1200 ते 1500 मिलिमीटर पाऊस पडतो. मामा तलाव आहेत, बोड्या आहेत, शेजारी जंगल आहे. तरीही धान कापून झाले की कितीतरी बांध्या पुढच्या जूनपर्यंत मोकळ्या पडून राहतात आणि घरातली तरुण मुले-मुली मिरची तोडायला तेलंगणात जातात. दोन एकरांच्या धन्याला उन्हाळाभर परक्या शेतात राबावे लागते, ही गोष्ट आपल्याला सलली पाहिजे.

यावर एक वाट आहे. एक एकर धानाला ठेवावे. दुसऱ्या एकरात पाण्याची सोय पाहून फळझाडे लावावीत, त्यांच्या ओळींमध्ये भाजीपाला घ्यावा, आणि दर वर्षी जमीन आदल्या वर्षापेक्षा कसदार होईल अशी मशागत करावी. मात्र ही शेती पत्रक वाचून येत नाही. सुतार, गवंडी, लोहार यांचा धंदा जसा उस्तादाच्या हाताखाली राहून येतो, तशीच ती येते. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 सालापासून कायदा आहे. बागेतल्या उमेदवारीचा मात्र आपल्याकडे प्रघात पडला नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

शेतकऱ्याच्या पोराला काय शिकवायचे?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. धानाच्या घरातला मुलगा चिखलणी, रोवणी, निंदण सगळे जाणतो. पण धान वर्षातून एकदा पेरायचा, एकदा कापायचा आणि एकदाच विकायचा. भाजी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी लागते आणि दर आठवड्याला विकावी लागते. झाडाचे तर याहून वेगळे. आज कलम दोन बोटे खोल लावले, तर त्याचा परिणाम पुढे काही वर्षांनी दिसतो. धानाच्या बांधीत पाणी साठवायचे असते, तर लिंबाच्या बुडाशी ते चार दिवसही साचू द्यायचे नसते. म्हणजे हात तोच असला तरी सवय नवी लावावी लागते.

दाखले आपल्याच जिल्ह्यातले

वरोऱ्याजवळ 1951 साली बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्यावर आनंदवन उभे करायला घेतले. जमीन दगडगोट्यांची होती. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्यांनीच विहिरी खोदल्या, माती तयार केली आणि भाजीपाला काढला. पण सुरुवातीला बाहेरचे लोक ती भाजी घ्यायला कचरत. पुढे माणसे तिथे येऊ लागली, काम पाहू लागली, तशी भीती गेली आणि भाजी खपू लागली. यातून दोन धडे मिळतात. पडीक जमीन सुधारता येते, हा पहिला. आणि माल पिकवणे जितके कष्टाचे, तितकाच गिऱ्हाइकाचा विश्वास कमावणेही कष्टाचे, हा दुसरा.

त्याच संस्थेने 1967 साली मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू केला. तिथे श्रमिकांचे विद्यापीठ असावे, अशी बाबांची कल्पना होती. मे महिन्यात भरणाऱ्या तिथल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रातल्या अनेक तरुणांनी पहिल्यांदा कुदळ हातात धरली. छावणीने ओढ लागते, भीड चेपते. कसब यायला मात्र चारही ऋतू काढावे लागतात.

तिसरा दाखला नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचा. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. 1983 साली पटेल-3 या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून एच.एम.टी. हा धान देशभर गेला. 2018 साली दादाजी वारले. उमेदवाराने त्यांच्याकडून घ्यायची ती नजर. रोज शिवारातून एक फेरी, आणि जे वेगळे दिसेल त्यापाशी थांबणे.

वर्ष कसे लावावे

सुरुवात अक्षय तृतीयेच्या सुमारास करावी. त्या वेळी खड्डे खोदून उन्हात तापत ठेवायचे असतात. पेरू-लिंबासाठी 6 बाय 6 मीटर अंतर धरले तर एकरी सुमारे 110 झाडे बसतात. याच दिवसांत निंबोळ्या वेचून वाळवून ठेवाव्यात. पाच किलो निंबोळीची भुकटी शंभर लिटर पाण्याला पुरते, हा हिशेब उमेदवाराने स्वतः करून पाहावा.

जून-जुलैमध्ये कलमे लावणे, गादीवाफे करणे, चर काढून पाण्याचा निचरा करणे, आणि धुऱ्यावर तूर, शेवगा, गिरीपुष्प लावणे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निंदण, वेलांचे मांडव आणि झाडांच्या ओळींत पेरलेला बोरू फुलाआधी गाडणे. ऑक्टोबरपासून वांगी, टमाटर, कोबी यांची रोपे तयार करून लावणे. धान निघाला की तणस जाळू नये. जनावरांचा वाटा ठेवून उरलेले झाडांच्या बुडाशी आच्छादनाला आणावे. डिसेंबर ते फेब्रुवारी भाजीचा भर आणि बाजाराचे दिवस. मार्च ते मे ही खरी परीक्षा. कोवळ्या कलमाला सावली करणे, मडक्याने पाणी देणे आणि विहिरीचे पाणी मोजून वापरणे. फेब्रुवारीत घरी गेलेला उमेदवार या भागातली बाग शिकला, असे म्हणता येणार नाही.

आधी माती, मग पीक

कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी ही मातीची नावे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. उमेदवाराने पहिल्या महिन्यात ती हाताने ओळखायला शिकावे. कोणत्या मातीत पाणी किती वेळ थांबते, यावर कोणते झाड लावायचे ते ठरते.

खताचेही तसेच. 1920 च्या दशकात इंदूरला काम करणारे अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ कंपोस्टची पद्धत बसवताना इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानत. पुढे आपल्या विदर्भातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी नाडेपची टाकी दिली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच आणि भिंतींना भोके. थोडे शेण, भरपूर काडीकचरा, माती आणि पाणी यांचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. वर्षभरात उमेदवाराने अशी टाकी दोनदा स्वतः भरावी आणि स्वतः रिकामी करावी. जंगलातला पालापाचोळा ओरबाडून आणू नये. तो जंगलाचे खत आहे. आपल्या धुऱ्यावरचा गिरीपुष्प छाटावा.

जंगल शेजारी असल्याची शिस्तही शिकावी लागते. वाघाचा वावर असलेल्या शिवारात पहाटे आणि सांजवेळी एकट्याने ओलिताला जाऊ नये. रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात.

बाजार हाही धडा

आठवडी बाजारात उमेदवाराला दुकानावर बसवावे. सकाळी काय भाव निघाला, दुपारनंतर किती पडला, काय उरले, हे वहीत त्याच दिवशी लिहावे. सगळ्यांची वांगी एकदम आली की भाव कोसळतो. म्हणून एकाच भाजीवर विसंबू नये. पालक-मेथी महिनाभरात, भेंडी 45 ते 50 दिवसांत, वांगी रोपे लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत, पपई नऊ-दहा महिन्यांत, पेरू साधारण तिसऱ्या वर्षी, कलमी आंबा पाचव्या वर्षाच्या सुमारास. ही शिडी नीट लावली तर झाडे मोठी होईपर्यंत भाजी घर चालवते. ज्याला ही शिडी कळली नाही, तो तिसऱ्या वर्षी बाग मोडून मोकळा होतो.

उमेदवार म्हणजे सालदार नव्हे

ही गोष्ट बागवाल्यांनी नीट ध्यानात घ्यावी. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे हा अन्याय आहे. ठरले ते कागदावर लिहावे आणि घरच्या मोठ्यांसमक्ष वाचावे. उमेदवार अठरा वर्षे पूर्ण झालेला असावा. राहणे-जेवण कोणाकडे, रोजाच्या कामाची मजुरी किती, आठवड्याची सुटी कोणती, आजारपणात काय, हे स्पष्ट असावे. त्याच्या नावाने दोन-चार आर जागा तोडून द्यावी. तिथे काय लावायचे ते त्याने ठरवावे आणि त्याची विक्री त्याने घ्यावी. स्वतःच्या वाफ्यातले नुकसान माणसाला जे शिकवते, ते दुसऱ्याच्या शेतात शिकायला मिळत नाही. मुलींनाही हीच संधी मिळावी. भाजीचे निम्म्याहून अधिक काम बायाच करतात, पण हिशेबाची वही त्यांच्या हातात क्वचितच येते.

उमेदवारानेही आपली बाजू सांभाळावी. वर्ष अर्धवट सोडू नये. ‘असे का?’ हे जरूर विचारावे, पण आधी सांगितलेले काम करून मग विचारावे.

शेवटी एक विनंती. कृषीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी काही महिने शेतकऱ्यांकडे येतात, तशीच गावातल्या तरुणांचीही सोय आपण गावानेच करू. ज्यांची बाग चांगली उभी आहे, त्यांनी यंदा एकेक मुलगा किंवा मुलगी हाताखाली घ्यावी. अडले तिथे सिंदेवाही आणि सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारावे. एका बागेतून दर वर्षी एक जण तयार झाला, तरी दहा वर्षांत त्या पंचक्रोशीत दहा घरे उन्हाळ्यातही आपल्याच शेतात कामाला असतील. मिरचीच्या गाडीत बसणारी माणसे तेवढी कमी होतील.