शिक्षकाची रजा



रजेचा अर्ज लिहिताना पुष्कळ शिक्षकांचा हात अडखळतो. दोनशिक्षकी शाळेत तर फारच. एक गुरुजी रजेवर गेले की दुसऱ्यांस सारी मुले एका खोलीत बसवावी लागतात. शिकवणे मागे पडते, सांभाळणे तेवढे उरते. म्हणून अंगात ताप असतानाही शिक्षक शाळेत येतो, खुर्चीवर बसल्याबसल्या शुद्धलेखन घालतो, आणि निरोपसमारंभात, त्याने कधी रजा घेतली नाही, असे त्याचे कौतुक होते. तापलेल्या अंगाने घेतलेल्या त्या वर्गात मुलांच्या पदरी काय पडले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

विश्रांती ही मालकाची मेहेरबानी, हा समज जुना आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांस आठवड्याची हक्काची सुटीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून ती मागितली व १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली.

राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे खरे. अधिकारी ती नाकारू शकतो. पण अर्जात मागितलेल्या रजेचा प्रकार तो आपल्या मर्जीने बदलू शकत नाही. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती दुप्पट दिवस खर्ची घालून पूर्ण वेतनी करून घेता येते. ही तरतूद आजारी माणसासाठीच आहे. तरी कित्येक शिक्षक दुखणे किरकोळ रजेवर भागवितात किंवा अंगावर काढतात.

याच्या उलट टोकाचेही शिक्षक आहेत. किरकोळ रजा वर्षाअखेर बुडते म्हणून डिसेंबरात ती संपविण्याची घाई होते, आणि एकाच शाळेतील दोघांचे अर्ज एकाच दिवसाचे निघतात. असा प्रसंग दोघांनी जूनमध्येच दिनदर्शिका पुढे घेऊन बसल्यास टळतो. पेरणी, घरचे कार्य, मुलांची परीक्षा, या तारखा बऱ्याच अंशी आधी ठाऊक असतात. रजेवर जाणाऱ्याने सहकाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी द्यावी: दुसरीची हातच्याची वजाबाकी कोठवर आली, कोणत्या मुलांस अद्याप अक्षरे जुळवता येत नाहीत, चौथीने कोणता धडा मुकाट्याने वाचावयाचा.