कॅमेऱ्याची पिशवी

श्रोतेहो, आज मी आपल्याशीं एका पिशवीसंबंधीं बोलणार आहें. विषय ऐकतांच आमच्या सौभाग्यवतीनें विचारलें, "अहो, पिशवीवर इतका वेळ बोलण्यासारखें आहे तरी काय?" मीं त्यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं. २०१९ सालच्या उन्हाळ्यांत डिस्नेलँडमधील ज्या बाकावर मी पिशवीची राखण करीत तासभर बसलों होतों, तो बाक तिच्याही चांगलाच स्मरणांत आहे.

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत असतात. हल्लीं पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतील एखादें तरी मूल परदेशीं असतें, आणि आईवडील दोनतीन महिने तिकडे राहून येतात. त्या मुक्कामांत डिस्नेलँडची एक खेप बहुधा ठरलेलीच. लॉस एंजल्सजवळ अ‍ॅनाहाइम नांवाच्या गांवीं वॉल्ट डिस्ने यांनीं १७ जुलै १९५५ रोजीं हें उद्यान उघडलें. ज्यांना आपण थीम पार्क म्हणतों त्यांतलें हें वडीलधारें म्हणावयास हरकत नाहीं.

मला छायाचित्रणाचा नाद जुना आहे. शाळेंत असतांना आमच्या घरीं अ‍ॅग्फा कंपनीचा क्लिक नांवाचा कॅमेरा होता. त्याला चामड्याचें एक कव्हर, आणि जादा रोल सदऱ्याच्या खिशांत, एवढाच त्याचा संसार. एका रोलावर बारा चित्रें निघत. पुढें दिवस पालटले, लेन्सा वाढल्या, आणि संसार वाढला म्हणजे बिऱ्हाड मोठें लागतें त्याप्रमाणें पिशवीही वाढत गेली. त्या सालीं मीं पाठीवर घेतलेल्या पिशवींत कॅमेरा, तीन लेन्सा, फ्लॅश, एक तिपाई, चार्जर आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. घरच्या काट्यावर ती साडेसात किलो भरली होती, आणि खरें सांगावयाचें तर तिच्या वजनाचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

उद्यानाच्या दाराशीं प्रत्येक पिशवी तपासतात. २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच यांहून मोठी पिशवी आंत सोडीत नाहींत. माझी या मापांत बसली, तेव्हां एखादी परीक्षा उतरल्यासारखा मी आंत शिरलों. पण श्रोतेहो, तो नियम पिशवी आंत जाईल कीं नाहीं एवढेंच सांगतो; तिला घेऊन आपण कोठें कोठें जाऊं शकूं, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावयाचा असतो.

तो हिशेब मला स्प्लॅश माउंटन नांवाच्या सफरीपाशीं कळला. ओंडक्याच्या आकाराच्या होडींत एकामागें एक बसावयाचें, आणि बरेंच भटकून झाल्यावर होडी सुमारें पन्नास फुटांवरून पाण्यांत कोसळते. आमची नात तेव्हां सात वर्षांची होती. चाळीस इंचांच्या खुणेशीं उभी राहून आपण पुरेशा उंच आहोंत अशी तिनें दोनदां खात्री करून घेतली आणि माझा हात ओढूं लागली. "आजोबा, तुम्ही माझ्यामागें बसा." मीं होडींतल्या बैठकीकडे पाहिलें, तळाशीं साचलेल्या पाण्याकडे पाहिलें, आणि पाठीवरच्या साडेसात किलोंचा विचार केला. प्रवेशद्वाराजवळ पैसे देऊन कुलुपाचे कप्पे मिळतात. पण कॅमेरा कप्प्यांत ठेवावयाचा तर तो आणावा कशाला? मीं म्हटलें, "तूं बाबांबरोबर जा. मी बाहेरून तुझा फोटो काढतों."

बाकावर मीं लांब पल्ल्याची लेन्स चढविली, आंकडे जुळविले, आणि वाट पाहत बसलों. शेवटीं एक होडी कोसळली, मीं कळ दाबली, आणि जें चित्र निघालें तें भलत्याच कुटुंबाचें होतें. मी तें न्याहाळीत असतांना दुसरी होडी खालीं आली, तींत आमचीं माणसें होतीं. नात निथळत धांवत आली. "आजोबा, पाहिलंत ना?" मीं पाहिलें नव्हतें. पण "हो" म्हणालों.

ही हकीकत सांगितली ती अशासाठीं, कीं पिशवी घ्यावयास आपण दुकानांत जातों तेव्हां तींत काय काय मावेल हें प्रथम विचारतों. अशा उद्यानासाठीं मात्र प्रश्न उलट बाजूनें विचारावा: ती मांडीवर घेऊन बसतां येईल काय? घरीं एखाद्या बुटक्या स्टुलावर पाय लांब करून बसावें, पिशवी मांडीवर घ्यावी, आणि दोन्ही हात मोकळे सोडून पाहावें. ती घसरली, किंवा हनुवटीला लागली, तर ती मोठी आहे. वेगाच्या गाड्यांत मांडीवर आडवा दांडा येतो. जाड पिशवी मध्यें आली तर दांडा नीट बसत नाहीं, आणि तेथील नोकर हरकत घेतात तें योग्यच आहे. सुटी राहिलेली वस्तु वळणावर उडून मागच्याच्या कपाळावर जाऊं शकते. म्हणून पट्टा लांब असावा, आणि टपालवाल्याच्या थैलीप्रमाणें एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखालीं तिरकी घेतां यावी. अशी पिशवी न काढतां पुढें ओढतां येते. पाठीवरची पिशवी दर वेळीं उतरवावी लागते. शिवाय रांगेंत आपण वळलों कीं ती मागच्या पोराच्या डोक्याला लागते. त्याच्या आईची नजर मला अजून आठवते.

आंत काय ठेवावें? पुष्कळ कमी. तिपाई प्रथम काढावी. साधारण पाठपिशवींत न मावणारी तिपाई डिस्नेलँडमध्यें चालत नाहीं, आणि लहान तिपाईला त्या गर्दींत पाय टेकावयास जागा मिळत नाहीं. कॅमेरा धरण्याच्या काठीला, म्हणजे सेल्फी स्टिकला, तेथें २०१५ पासून बंदी आहे. फ्लॅशही घरींच बरा. १९६७ पासून चालूं असलेली चांच्यांची सफर किंवा १९६९ ची भुतांची हवेली अशा ठिकाणीं सगळी गंमत अंधारावरच उभारलेली असते. तेथें फ्लॅश मना आहे, आणि नसता तरी एकाच्या उजेडानें शेजारच्या दहांचा रसभंग होतो. त्यापेक्षां मोठ्या झरोक्याची एक लहानशी लेन्स घ्यावी. १.८ आंकड्याची लेन्स ३.५ आंकड्याच्या लेन्सपेक्षां जवळ जवळ पावणेचार पट प्रकाश आंत घेते. माझ्या ३५ मिलिमीटरच्या अशा लेन्सचें वजन २०० ग्रॅमच्या आसपास आहे. कॅमेऱ्यावर तीच एक लावावी, फार तर दुसरी एखादी जवळ असावी, आणि त्यांबरोबर एक जादा बॅटरी, एक कार्ड व पुसावयाचें फडकें. इतक्यावर दिवस सुखानें जातो.

घडणीविषयीं थोडें सांगतों. झांकण अंगापासून बाहेरच्या बाजूस उघडणारें असावें, म्हणजे पिशवी पुढें असतां हात सरळ आंत जातो. तळाची गादी सर्वांत जाड हवी, कारण पिशवी आपटते ती तळावर. आंतलें अस्तर फिकट रंगाचें पाहून घ्यावें. काळ्या अस्तरांत लेन्सचें काळें टोपण हरवलें म्हणजे हवेलींतलें भूत तेंच! कर्रकन् वाजणारी चिकटपट्टी मला मुळींच आवडत नाहीं, पण तो आवडीचा प्रश्न आहे. आणि "पाणी लागत नाहीं" या दुकानदाराच्या शब्दावर भिस्त ठेवूं नये. कापडावर पाणी ठरत नसलें तरी तें शिवणींतून आणि चेनींतून वाट काढतें. तोंड घट्ट मिटणारी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घडी करून आंत ठेवावी. दोन रुपयांची ती वस्तु पन्नास हजारांचा कॅमेरा वांचविते. थंड पाण्याची बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यांत कधींही नको. तिला घाम येतो.

अ‍ॅनाहाइमला उन्हाळ्यांत पाऊस जवळ जवळ नसतोच. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका उघडलें. तेथें श्रावणांत जाणारांनीं पिशवीवर घालावयाचा रेनकोट अवश्य घ्यावा. गार दालनांतून दमट हवेंत आल्यावर कांचेवर बाष्प धरतें. अशा वेळीं कॅमेरा कांहीं वेळ बंद पिशवींतच राहूं द्यावा; घाईनें पुसत बसूं नये.

नवी पिशवी घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसेल तर गादीचा नुसता आंतला खोका विकत मिळतो. तो घरांतल्या कोणत्याही मजबूत थैलींत बसवावा. मीं प्रथम माझ्या शबनममध्यें बसवून पाहिला. शबनमवर माझें कॉलेजापासून प्रेम आहे. पण तिचें तोंड सदा उघडें, तेव्हां हा बेत सोडून द्यावा लागला. शेवटीं एक करड्या रंगाची लहान पिशवी घेतली. सर्व सामान भरून ती पावणेदोन किलो होते.

ती घेऊन २०२५ सालीं आम्ही पुन्हां अ‍ॅनाहाइमला गेलों. मध्यंतरीं २०२३ मध्यें स्प्लॅश माउंटन बंद झालें, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत त्याच जलमार्गावर टियाना नांवाच्या राजकन्येची नवी सफर सुरू झाली. पाणी आणि उतार पूर्वींचेच आहेत. नात आतां तेरा वर्षांची. उंचीच्या खुणेकडे तिनें पाहिलेंही नाहीं. मला वाटलें, ही आतां आपल्या भावाबरोबर पुढें जाईल. आणि ती गेलीही असती, पण माझी लहान पिशवी पाहून थांबली. "आजोबा, या वेळीं येणार?" मीं कॅमेरा प्लॅस्टिकमध्यें गुंडाळला, पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यामागें बसलों. होडी कोसळली तेव्हां माझे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते. भीति मला वाटत होती, तिला नव्हे.

बाहेर आल्यावर तिनें माझ्या खांद्यावरून पिशवी उतरवून आपल्या गळ्यांत तिरकी अडकविली, कॅमेरा काढला, आणि माझा फोटो घेतला. चष्मा कपाळावर, केंस चप्प, तोंड उघडें. त्या दिवशींचीं उरलेलीं सगळीं चित्रें तिचीच आहेत, आणि त्यांतलीं बरींच माझ्यापेक्षां चांगलीं आहेत.

आम्ही परत निघालों त्या वेळीं ती पिशवी तिच्या खोलीच्या दारामागील खुंटीवर होती, आणि मीं ती मागितली नाहीं. त्यामुळें आपणांपैकीं कुणीं "दाखवा" म्हटलें तर आज ती माझ्याजवळ नाहीं. माप तेवढें पाठ आहे, तें लिहून घ्यावें: लांबी दहा इंच, उंची सात इंच, रुंदी पांच इंच.